शवासनातून उठताना आईला अंधारी येते, बंद करावं का?

प्रश्न असा आला आहे: आई ६८ वर्षांची. रक्तदाबाची गोळी गेली १२ वर्षं चालू आहे, साखरेची अलीकडे सुरू झाली. सहा महिन्यांपासून सोसायटीच्या हॉलमधल्या सकाळच्या योगवर्गाला जाते. बाकी सगळं जमतं, पण शेवटच्या शवासनात कंबर ठणकते. गेल्या महिन्यात दोनदा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, एकदा तर भिंत हाताशी होती म्हणून बचावली. वर्ग घेणाऱ्या बाई म्हणतात, "शवासनानं कुणाला काही होत नाही." बंद करावं का? आणि घरी करायचं तर कसं?

बंद करू नका, पण आहे तसंही चालू ठेवू नका. बाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. निपचित पडून राहण्यानं सहसा कुणाला काही होत नाही. मी २६ वर्षं वर्ग घेते आहे आणि शवासनाशी जोडलेले जेवढे अपघात पाहिले, ते जवळजवळ सगळे शवासन संपल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटातले होते. त्यातल्या एकाला मीच जबाबदार होते. सुरुवातीच्या वर्षांत वेळ संपली की मी टाळी वाजवून "चला, उठा!" म्हणायचे. पुढची बॅच दारात चपला काढत उभी असायची. एक निवृत्त गृहस्थ टाळीसरशी ताडकन उभे राहिले आणि तसेच खाली बसले, बसताना कपाळ खिडकीच्या कट्ट्यावर आपटलं. तीन टाके पडले. "तुमची काही चूक नाही हो, मलाच घाई," असं ते मला समजावत राहिले. चूक माझीच होती. त्या दिवसापासून टाळी बंद.

आईंच्या बाबतीत पहिलं काम योगाचं नाही, मोजण्याचं आहे. घरी दंडाला बांधायचं बीपीचं मशीन असेल तर सकाळी त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून दाब मोजा. मग उभं करा आणि एक मिनिटानं व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या वेळी कुणीतरी शेजारी उभं राहा आणि मागे खुर्ची ठेवा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा खालचा १० किंवा जास्त, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी आपल्या मनानं कमी करायची नाही, वेळही बदलायची नाही. आकडे ठीक निघाले तरी महिन्यात दोनदा अंधारी आली हे डॉक्टरांच्या कानावर घालाच. गोळ्यांची यादी सोबत न्या. लघवी जास्त होण्याची गोळी, पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात ती गोळी, झोपेची गोळी, या सगळ्यांचा यात हात असू शकतो.

असं का होतं, तर आपण आडवे असतो तेव्हा रक्त अंगभर सारखं पसरलेलं असतं. उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. तरुण शरीर काही क्षणांत रक्तवाहिन्या आवळतं, हृदय थोडं वेगानं चालवतं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. वय झालं की हे काम मंदावतं. मधुमेह जुना असेल तर ते काम करणाऱ्या नसाच दुबळ्या होतात, आणि बीपीची बरीच औषधं तर रक्तवाहिन्या सैल ठेवण्यासाठीच दिलेली असतात. त्यात शवासन म्हणजे शरीराला दहा मिनिटं सांगायचं की आता काही करू नकोस. ते ऐकतं. आणि मग आपण एकदम म्हणतो, ऊठ.

सकाळच्या वर्गात आणखी एक भर पडते. रात्रभर पाणी नाही, "योग उपाशीपोटी करायचा" म्हणून चहाही नाही, पण गोळी मात्र वेळेवर घेतलेली. आईंचं असंच असेल अशी माझी अटकळ आहे. वर्गाला निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एक भांडं पाणी पिण्यानं कुठलाही योग बिघडत नाही. (डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.) साखरेची गोळी घेऊन रिकाम्या पोटी जाऊ नये. शवासनात दरदरून घाम, हातांना कंप, घाबरंघुबरं वाटणं ही विश्रांतीची लक्षणं नव्हेत, साखर उतरल्याची असू शकतात. चेक करून ७० च्या खाली दिसली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

गंमत अशी, की शवासन सांगितलं जातं ते बहुतेक बीपीवाल्यांना, आणि त्यातून उठताना तोल जातो तोही त्यांचाच. सांगणाऱ्यांचं चुकलेलं नाही. १९६९ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. काहींचा दाब उतरला, काहींचं औषध कमी करता आलं. आजच्या कसोट्या लावल्या तर तो अभ्यास लहान आहे, त्यावरून कुणी गोळ्या सोडू नयेत. पण आडवं पडून शांत श्वास घेणं हा एका मोठ्या रुग्णालयानं गांभीर्यानं तपासलेला उपाय आहे, हे त्या काळात लहान नव्हतं. त्याच्या कितीतरी आधी, साधारण पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या योगग्रंथात, शवासन थकवा घालवतं आणि चित्ताला विसावा देतं एवढं थोडक्यात सांगितलं आहे. त्यातून उठायचं कसं याबद्दल ग्रंथकर्ते स्वात्माराम एक अक्षर बोलत नाहीत. त्यांच्यासमोर बीपीची गोळी घेऊन आलेले शिष्य नव्हते.

आता कंबर. उताणं पाय पसरून झोपल्यावर कंबर ठणकणारे लोक प्रत्येक बॅचमध्ये असतात, आणि त्यांना वाटतं आपल्या मणक्यात काहीतरी बिघाड आहे. बहुतेकांचं कारण साधं असतं. कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जाऊन चिकटणारा एक जाड स्नायू आहे. दिवसभर खुर्चीत बसून तो आखडतो. पाय सरळ केले की तो कमरेला पुढे ओढतो आणि कंबर कमानीसारखी जमिनीवरून उचलली जाते. गुडघे थोडे वाकवले की ओढ संपते. म्हणून गुडघ्यांखाली आधार द्या. लोड असेल तर उत्तम. नसेल तर दोन सोलापुरी चादरी एकत्र गुंडाळून, वर टॉवेल लपेटून, जाड वळकटी करा. ती बरोबर गुडघ्यांच्या मागे हवी, पोटऱ्यांखाली सरकली तर उपयोग नाही. टाचा जमिनीला टेकलेल्या असाव्यात. हवेत लोंबकळल्या तर पायांवर पुन्हा ताण येतो, तेव्हा टाचांखालीही एक घडी सरकवा.

तेवढ्यानं भागलं नाही तर पोटऱ्या चक्क खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. गुडघे काटकोनात, खुर्चीवर मऊ घडी, खुर्ची घसरू नये म्हणून भिंतीला टेकवलेली. दुखऱ्या कमरेला इतका आराम देणारं दुसरं साधन मला माहीत नाही. फक्त यात पाय हृदयाच्या वर असतात, त्यामुळे खाली उतरवल्यावर आईंनी नेहमीपेक्षाही जास्त वेळ आडवं राहायचं. कळ मांडीतून पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून जाग येण्याइतकं दुखत असेल तर हे चादरींचं काम नाही. तपासून घ्या.

"उशी घेतली तर ते शवासन कसलं?" हा प्रश्न दर जूनमध्ये नव्या बॅचमधला कुणीतरी विचारतोच. पुण्यातच १९७५ पासून उभी असलेली रमामणी आयंगार योगसंस्था आहे. लोड, घड्या घातलेल्या चादरी, पट्टे, विटा आणि खुर्च्या घेऊन आसनं करायची पद्धत बी. के. एस. आयंगारांनी जगभर नेली. तिथे खोलीभर लोक तीन-तीन चादरींवर पडलेले पाहिले की आधार घेणं म्हणजे कमीपणा हा समज गळून पडतो. शवासनात शरीरानं काहीही उचलून धरायचं नसतं. जिथे जमीन पोचत नाही तिथे चादर पोचवायची, एवढाच हिशोब.

मानेकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. आई झोपल्यावर तुम्ही बाजूला बसून बघा: हनुवटी कपाळापेक्षा वर गेली आहे का? पाठीला थोडा बाक आलेल्या वयस्क माणसांचं डोकं मागे कलंडतं, मान ताणते, तोंड उघडं पडतं. अशा वेळी डोक्याखाली चादरीची घडी घ्या, एकेक घडी वाढवत कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर येईपर्यंत. घडी मानेलाही टेकली पाहिजे, नुसती डोक्याच्या मागच्या गोलाईखाली नको. उलट टोक म्हणजे जाडजूड उशी, जिच्यामुळे हनुवटी छातीत रुतते आणि श्वास अडखळतो. तेही नको. आणि केसांचा चिमटा काढायला सांगा! अंबाडा किंवा क्लिप डोक्यामागे ठेवून शवासन करणाऱ्या बायका मी रोज पाहते. डोकं एका बाजूला कलतं आणि संध्याकाळी मान दुखली की दोष आसनाला.

हात अंगापासून वीतभर दूर, तळवे वर. खांदा आखडलेला असेल तर तळवे वर करण्याचा हट्ट सोडा, हात पोटावर ठेवा किंवा कोपराखाली टॉवेल घ्या.

जागेबद्दल. आजकालच्या गुळगुळीत फरशीवर नुसती योगा मॅट पुरत नाही, पावसाळ्यात तर गारवा थेट हाडांत जातो. सतरंजी, तिच्यावर घोंगडी किंवा जाड चादर असं अंथरा. स्वस्थ पडल्यावर अंग थंड पडत जातं, म्हणून वर शाल घ्या आणि डोक्यावरचा पंखा मंद करा. जमिनीवर बसणं-उठणं आईंना जड जात असेल तर दिवाण वापरा, पातळ गादीचा, लाकडी फळीचा. फोमच्या पलंगात कंबर रुतते, तो शेवटचा पर्याय. दिवाणाचा एक फायदाही आहे: उठताना पाय खाली सोडून बसता येतं.

आणि आडवं होण्याआधी गॅस बंद. कुकर लावून "तीन शिट्ट्या होईतो शवासन" करणाऱ्या एक काकू माझ्याकडे होत्या. तिसऱ्या शिट्टीला त्या ज्या चपळाईनं उठायच्या ते पाहून माझ्या काळजाचा ठोका चुकायचा. मोबाइलचा गजरही तसाच, लांब ठेवला की माणूस तो बंद करायला धावतो. हळू आवाजाचा गजर लावून हाताच्या अंतरावर ठेवा. दाराची बेल वाजली तर वाजू दे, तुम्ही घरात असताना करायला सांगा म्हणजे दार तुम्ही उघडाल.

वेळ सुरुवातीला पाच ते सात मिनिटं, पुढे दहा-बारा. श्वास मुद्दाम खोल करायचा नाही, रोखायचा तर मुळीच नाही. नाकपुडीशी येणारी हवा गार लागते, जाणारी कोमट, एवढं लक्षात येत राहिलं तरी पुरे. काही वर्गांत आधी सगळं अंग घट्ट आवळून मग सोडायला सांगतात. दाब जास्त असलेल्यांनी ते जोर लावून करू नये, लोक आवळताना नकळत श्वास धरतात आणि दाब चढतो. डोळ्यांवर हलका रुमाल चालेल. काचबिंदू असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डोळ्यांवर वजन किंवा घट्ट पट्टी नको. डोळे मिटून पडल्यावर काहींना गुदमरल्यासारखं, भीती वाटल्यासारखं होतं. अलीकडेच घरातलं माणूस गेलेल्यांच्या बाबतीत हे मी बरेचदा पाहिलं आहे. "मन शांत करा" असं त्यांना सांगून भागत नाही. डोळे उघडे ठेवू द्या, कुशीवर झोपू द्या, नको म्हणाले तर खुर्चीत बसू द्या.

उठण्याची पद्धत आता सविस्तर सांगते, कारण आईंचा सगळा प्रश्न इथेच आहे. आधी पडल्या पडल्या डोळे उघडायचे आणि छताकडे बघायचं. मग पायांची बोटं, घोटे, हातांच्या मुठी हलवायच्या, दहा-पंधरा वेळा, आळस देतो तसं. पोटऱ्यांचे स्नायू हलले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात विसरला जाणारा भाग. मग एक टाच जमिनीवरून घसटत आणून गुडघा उभा करायचा, मग दुसरा. दोन्ही गुडघे एकत्र कुशीकडे कलंडू द्यायचे, त्यांच्यामागून अंग आणि सगळ्यात शेवटी डोकं. कुशीवर डोक्याखाली हात घेऊन पाच-सहा श्वास थांबायचं. मग वरच्या हाताचा तळवा छातीसमोर जमिनीवर रोवून हातानं स्वतःला ढकलायचं. मान आधी उचलायची नाही, डोकं लोंबतं राहू दे, ते शेवटी वर येतं. बसल्यावर एक-दोन मिनिटं बसूनच राहायचं. उभं राहताना खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात, एक पाय पुढे, मग दुसरा, आणि उभं राहिल्यावर खुर्चीची पाठ धरून दहा आकडे मोजायचे. चालायला लागायचं त्यानंतर.

सरळ उताण्या अवस्थेतून पोटाच्या जोरावर उठून बसणं आईंनी कायमचं सोडावं. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होत जातात, आणि पुढे वाकत झटक्यानं उठण्याचा भार मणक्यांच्या पुढच्या कडेवर येतो. नुसत्या तशा उठण्यानं मणका दबल्याची उदाहरणं आहेत.

मध्येच कधी अंधारी आलीच, तर "थोडं चालल्यावर बरं वाटेल" म्हणायचं नाही. जिथे आहोत तिथे बसायचं, जमलं तर परत आडवं. भिंत शोधत चार पावलं टाकण्यातच माणसं पडतात. आणि अंधारीसोबत छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं, शुद्ध हरपणं यातलं काहीही असेल तर थेट रुग्णालय.

अंधारी आणि गरगरणं यातला फरकही आईंना विचारा. डोळ्यांपुढे काळं येऊन पाय लटपटणं वेगळं आणि कूस बदलताच खोली भोवती फिरणं वेगळं. दुसरं असेल तर बहुधा आतल्या कानातले बारीक खडे जागेवरून हललेले असतात. त्यावर कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं विशिष्ट क्रमानं फिरवून उपचार करतात, अनेकांना एक-दोन बैठकांतच फरक पडतो. तोवर ज्या बाजूला वळल्यावर गरगरतं ती बाजू टाळायची.

कुठल्या कुशीवर वळायचं, यावर वर्गांमध्ये वाद होतात. परंपरेनं उजव्या. उजव्या कुशीवर झोपलं की हळूहळू डावी नाकपुडी मोकळी होते, तिला चंद्रनाडी मानतात, शांत करणारी. मीही उजवीकडेच वळवते. पण ज्यांना घशाशी आंबट येतं त्यांना डावी कूस सोयीची, कारण त्या बाजूला पोटातलं वर येणं कमी होतं. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर तिनं पाचव्या महिन्यानंतर उताणं शवासन करूच नये. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येऊन रक्त हृदयाकडे परतायला अडथळा होतो. तिनं सरळ डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन विश्रांती घ्यावी.

एक गोष्ट वेगळी सांगते. उताणं पडल्यावर धाप लागते, दोन उशा घेतल्याशिवाय श्वास पुरत नाही, पायावर सूज आहे, असं आईंना कधी जाणवलं तर उशी वाढवून वेळ मारून नेऊ नका. ते हृदयाचं किंवा फुप्फुसांचं दुखणं असू शकतं. डॉक्टरांनी बघेपर्यंत शवासन खुर्चीत बसून.

वर्गाचं काय? बाईंशी भांडू नका. त्यांना एवढंच सांगा की आई शवासन भिंतीशेजारी करतील, गुडघ्यांखाली आपली वळकटी ठेवतील आणि इतरांच्या दोन मिनिटं आधी उठायला सुरुवात करतील. ॐकार झाला, सगळे उभे राहिले तरी त्या बसून राहतील. मोठ्या बॅचमध्ये सगळ्यांच्या मागे पडायची लाज वाटते आणि त्या लाजेपायी लोक धडपडतात. बाई समजूतदार असतील तर उद्यापासून सगळ्या वर्गालाच दोन मिनिटं जास्त देतील.

आणि हो, तुम्ही विचारलं नाहीत पण पुढे विचाराल. आईंना झोप लागली, घोरायला लागल्या, तर हलवून उठवू नका. हळू आवाजात नावानं हाक मारा आणि त्या डोळे उघडेपर्यंत थांबा. घोरताना मध्ये श्वास थांबून दचकल्यासारखा पुन्हा सुरू होत असेल तर मात्र डॉक्टरांकडे न्यायच्या कागदावर तेही लिहा, बीपी गोळ्यांना दाद देत नसेल तर त्याचं एक कारण तिथेही सापडतं.